आकाशाचे प्रश्न: गुरू-शनीचे धरून आणलेले चंद्र

गेल्या अंकात शनीच्या चंद्रांच्या मोजदादीवर एक चौकट छापली होती. ११ मार्च २०२५ रोजी शनीच्या १२८ नव्या उपग्रहांची एकदम नोंद झाली, एकूण आकडा २७४ वर गेला आणि त्यातले २५० 'अनियमित' आहेत, एवढाच तिचा मजकूर. पण 'अनियमित' या एका शब्दावरून बरीच पत्रे आली. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत.

अनियमित म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचे, असेच ना? मग मंगळाचे बटाट्यासारखे दिसणारे फोबोस आणि डिमोसही अनियमितच धरायचे का? (एक शिक्षिका, कऱ्हाड)

हा गोंधळ नावामुळे होतो आणि नाव ठेवणाऱ्यांनी तो टाळायला हवा होता. 'अनियमित' हे विशेषण कक्षेला लागते, आकाराला नाही. फोबोस आणि डिमोस ओबडधोबड आहेत, पण मंगळाच्या विषुववृत्तालगत जवळजवळ गोल कक्षेत फिरतात. त्यामुळे कक्षेच्या हिशेबाने ते अगदी शिस्तीचे उपग्रह. उलट नेपच्यूनचा ट्रायटन २,७०० किलोमीटर व्यासाचा, गोल गरगरीत. पण तो नेपच्यूनच्या परिवलनाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून अनेक अभ्यासक त्याची गणना अनियमितांत करतात.

एरवी कक्षा अनियमित ठरते ती तीन गोष्टींमुळे: ती ग्रहापासून फार दूर असते, बरीच कललेली असते आणि लांबट असते. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो १८ लाख ८३ हजार किलोमीटरवर आहे आणि १७ दिवसांपेक्षा थोड्या कमी वेळात फेरी पुरी करतो. गुरूचेच अनियमित उपग्रह पाहा: हिमालिया सरासरी १ कोटी १४ लाख किलोमीटरवर, फेरीला २५० दिवस. पासिफी २ कोटी ३५ लाख किलोमीटरवर, फेरीला दोन वर्षांहून थोडे जास्त. नेपच्यूनच्या नेसोला तर एका फेरीला सुमारे २७ वर्षे लागतात. इतक्या अंतरावर सूर्याची ओढ ग्रहाच्या ओढीत सतत लुडबूड करत राहते, त्यामुळे या कक्षा दर फेरीला थोड्याथोड्या बदलतात.

पंचांगात 'शनी वक्री' असे लिहिलेले असते. हे उपग्रहही वक्री फिरतात असे वाचले. दोन्ही एकच का? (एक वाचक, सांगली)

एकच नाहीत. पंचांगातला वक्री शनी प्रत्यक्षात मागे फिरत नसतो. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने त्याला मागे टाकते, तेव्हा तो तारकांच्या पार्श्वभूमीवर उलट सरकताना दिसतो. दरवर्षी साडेचार महिन्यांच्या आसपास हा देखावा चालतो. पासिफी किंवा शनीची फीबी मात्र खरोखरच उलट्या दिशेने फिरतात. कुठूनही पाहा, दिशा तीच. म्हणून या सदरात आम्ही त्यांना 'प्रतिगामी' म्हणतो.

गुरूच्या बाबतीत ही दिशा नावावरूनही ओळखता येते. १९७५ पासूनचा संकेत असा की सरळ दिशेने, म्हणजे ग्रहाच्या परिवलनाच्याच दिशेने फिरणाऱ्या अनियमित उपग्रहाच्या नावाच्या शेवटी रोमन लिपीतले 'ए' अक्षर (हिमालिया, एलारा, लीडा), तर प्रतिगामी असल्यास 'ई' अक्षर (पासिफी, कार्मी, अनान्की). कक्षा सरळ दिशेची पण बरीच कललेली असली की शेवटी 'ओ': थेमिस्टो, कार्पो, व्हॅलेट्यूडो.

हिमालिया हे नाव आपल्या हिमालयावरून दिले आहे का? (एक विद्यार्थी, अंमळनेर)

नाही. हिमालिया ही ग्रीक पुराणातली ऱ्होड्स बेटावरची एक अप्सरा. उपग्रह चार्ल्स पेरीन यांनी १९०४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत, ३६ इंची क्रॉसली परावर्तक दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांवर शोधला. त्यानंतर सत्तर वर्षे तो नुसता 'गुरूचा सहावा' होता.

ग्रहापासून किती लांबपर्यंत चंद्र टिकू शकतो? याचे काही सूत्र आहे का? (एक अभियंता, पुणे)

आहे, आणि कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत निघते. ग्रहाचे वस्तुमान भागिले सूर्याच्या वस्तुमानाची तिप्पट, याचे घनमूळ काढा आणि ते ग्रहाच्या सूर्यापासूनच्या अंतराने गुणा. मिळेल ती 'हिल गोला'ची त्रिज्या. त्याच्या आत ग्रहाची सत्ता, बाहेर सूर्याची.

गुरूचे वस्तुमान सूर्याच्या १/१०४७ आहे. तीनने भागल्यावर १/३१४१, घनमूळ ०.०६८. गुरूचे अंतर ७७ कोटी ८० लाख किलोमीटर; गुणाकार येतो ५ कोटी ३० लाख किलोमीटर. शनीसाठी हाच आकडा साडेसहा कोटी, युरेनससाठी सात कोटी आणि नेपच्यूनसाठी ११ कोटी ६० लाख. नेपच्यून गुरूपेक्षा कितीतरी हलका, तरी त्याचा गोल सर्वांत मोठा, कारण तिथवर सूर्याचा हात पातळ झालेला असतो.

पण या गोलाच्या काठापर्यंत कोणीच टिकत नाही. सरळ दिशेने फिरणारा उपग्रह साधारण निम्म्या त्रिज्येपर्यंत सुरक्षित असतो, प्रतिगामी त्याहून बराच पुढे जाऊ शकतो. ग्रहाबरोबर फिरणाऱ्या चौकटीतून पाहिले तर कोरिऑलिस प्रभाव (फिरत्या चौकटीत हलत्या वस्तूला जाणवणारी बाजूची ढकल) प्रतिगामी उपग्रहाला ग्रहाकडे दाबतो आणि सरळवाल्याला बाहेर लोटतो. नेसो नेपच्यूनपासून जास्तीत जास्त ७ कोटी २० लाख किलोमीटर जाते, म्हणजे त्रिज्येच्या ६२ टक्के. सरळ दिशेच्या उपग्रहाला तिथे थारा मिळाला नसता.

हे उपग्रह 'धरलेले' आहेत म्हणतात. गुरूने एखादा लघुग्रह आजही असाच धरला तर? (एक वाचक, बेळगाव)

तात्पुरता धरतोच. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळण्याआधी त्याच्याभोवती फिरत होता. कुशिदा-मुरामात्सु धूमकेतू १९४९ ते १९६१ अशी बारा वर्षे गुरूकडे मुक्काम करून निघून गेला. कायमचे धरणे मात्र अवघड आहे. घाट उतरलेली गाडी ब्रेक न लावता समोरच्या चढाला लागली, तर जवळपास तितकीच उंची गाठते. गुरूकडे येणारा दगडही आत पडताना जो वेग कमावतो, त्याच वेगाने बाहेर पडतो. त्याला ठेवून घ्यायचे तर कुठेतरी ब्रेक लागला पाहिजे, आणि आज गुरूच्या आसपास असा ब्रेक नाही.

सुरुवातीच्या काळात तो होता, यावर एकमत आहे. कोणता, यावर नाही. एक पर्याय नवजात ग्रहाभोवतीच्या वायूचा. त्यातली अडचण अशी की वायू दगडाला थांबवतो तसाच पुढे ओढून ग्रहात पाडतोही. अगदी वेळेवर विरला तरच उपग्रह उरतो. आम्हाला जास्त पटणारा पर्याय नेसव्हॉर्नी, व्होक्रोहलिकी आणि मॉर्बिडेली यांनी २००७ मध्ये मांडला. मोठे ग्रह आपापल्या कक्षा बदलत असताना एकमेकांच्या जवळून गेले आणि त्या क्षणी आसपासचे बर्फाळ गोळे, दुसऱ्या ग्रहाच्या ओढीमुळे ऊर्जा गमावून, अडकले. शनी, युरेनस, नेपच्यूनचा हिशेब यात नीट जुळला. गुरूला अशा भेटी फारशा मिळत नव्हत्या. पुढे २०१४ मध्ये गुरूची अशी भेट धरून गणित पुन्हा केले, तेव्हा त्याचेही उपग्रह निघाले. ट्रायटनची गोष्ट आणखी वेगळी: तो बहुधा जोडीने आला, जोडीदार ऊर्जा घेऊन निसटला आणि हा मागे राहिला.

या कक्षांचा कल कितीही असू शकतो का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही, आणि हेच या उपग्रहांचे सर्वांत बोलके लक्षण. ग्रहाच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ६० ते १३० अंश कल असलेल्या कक्षांचा पट्टा जवळपास ओस आहे. योशिहिदे कोझाई आणि मिखाईल लिडोव यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की सूर्याच्या ओढीने कल आणि लांबटपणा यांची अदलाबदल होत राहते: कक्षा उभी असेल तर ती आडवी होताना लांबट होत जाते. मग उपग्रह एका टोकाला ग्रहाच्या मोठ्या चंद्रांमध्ये घुसतो किंवा दुसऱ्या टोकाला हिल गोलाबाहेर पडतो. धरले गेलेले सर्व कलांचे असतील, पण उभ्या कक्षांचे सगळे गेले.

उरलेले घोळक्याने राहतात. गुरूचा कार्मी गट घ्या: त्यातल्या उपग्रहांचे अंतर, कल आणि लांबटपणा इतके जुळतात की एकाच मोठ्या दगडाच्या या ठिकऱ्या आहेत असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. शनीच्या नव्या १२८ पैकी बरेचसे मुंडिलफारी या उपग्रहाच्या आसपासच्या कक्षांत आहेत. तिथे गेल्या दहा कोटी वर्षांत टक्कर झाली असावी, असा शोधकांचा अंदाज आहे. २०१८ मध्ये जाहीर झालेला गुरूचा व्हॅलेट्यूडो जेमतेम एक किलोमीटरचा. तो प्रतिगामी उपग्रहांच्या कक्षा छेदत सरळ दिशेने फिरतो. रहदारीत उलट्या बाजूने घुसलेल्या दुचाकीसारखी ही स्थिती, फक्त रस्ता कोट्यवधी किलोमीटर रुंद असल्याने धडक लवकर होत नाही.

दरवर्षी चंद्रांचा आकडा वाढतो. आधी का दिसले नाहीत? एकदाच मोठे एक्सपोजर देऊन सगळे का टिपत नाहीत? (एक छायाचित्रकार, ठाणे)

कारण ते सरकतात. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्या मधोमध असताना, गुरू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ताशी सुमारे २० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो आणि त्याचे उपग्रहही जवळजवळ त्याच वेगाने. तीन तासांचे एकच एक्सपोजर दिले तर उपग्रहाचा तुटपुंजा प्रकाश ६० विकला लांब रेघेत पसरतो आणि आकाशाच्या उजेडात बुडून जातो. दुर्बीण उपग्रहाच्या अंदाजी वेगाने फिरवली तर तेवढ्या एकाच वेगाचे उपग्रह सापडतात.

म्हणून छायाचित्रे सरकवून रचण्याची पद्धत वापरतात. हवाईच्या मौना केआवरच्या ३.६ मीटरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीने २०१० मध्ये गुरूजवळच्या एक चौरस अंश आकाशाची प्रत्येकी १४० सेकंदांची ६० छायाचित्रे घेतली होती. १४० सेकंदांत उपग्रह पाऊण विकलाच सरकतो, म्हणजे ठिपका ठिपकाच राहतो. मग संगणकात प्रत्येक छायाचित्र मागच्यापेक्षा थोडे सरकवून साठही एकावर एक रचतात. किती आणि कोणत्या दिशेने सरकवायचे? उपग्रहाचा स्वतःचा कक्षीय वेग आकाशात ताशी तीन-चार विकला भरतो, म्हणून गुरूच्या गतीच्या आसपास तेवढ्या परिघातल्या सर्व गती आणि दिशा एकेक करून तपासायच्या. बरोबर गती लागली की तारे रेघा होतात आणि रेघांमध्ये एक ठिपका उमटतो. गतीचा अंदाज ताशी एक विकलाने चुकला तर तीन तासांत तीन विकलांचा फराटा पडतो आणि मेहनत वाया जाते. साठ फ्रेमांमुळे गोंगाटाच्या तुलनेत संकेत √६०, म्हणजे पावणेआठ पट उठून दिसतो; प्रतींच्या भाषेत (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधूक) सव्वादोन प्रतींचा फायदा. या पद्धतीने त्या एका तुकड्यात २५.७ प्रतीपर्यंतचे उपग्रह दिसले आणि त्यावरून गुरूला ८०० मीटरहून मोठे सुमारे ६०० प्रतिगामी उपग्रह असावेत असा अंदाज निघाला. नोंदलेले २०२५ मध्ये सगळे मिळून ९७. चंद्रांचा आकडा वाचताना त्यात ग्रहाची श्रीमंती कमी आणि आपली चिकाटी जास्त मोजलेली असते, हे लक्षात ठेवा.

ठिपका सापडणे हा अर्धाच टप्पा. मुख्य पट्ट्यातले लघुग्रह प्रतियुतीला ताशी ३५ विकलांच्या आसपास धावतात, त्यामुळे ते वेगळे काढता येतात. पण प्रतियुतीपासून दूर गेले की लघुग्रहांचा वेगही मंदावतो आणि एखादा उपग्रहाचे सोंग घेऊ शकतो. म्हणून पुढच्या महिन्यात आणि पुढच्या वर्षी तोच ठिपका पुन्हा गाठावा लागतो. तो नाही गाठला की उपग्रह हरवतो. थेमिस्टो १९७५ मध्ये सापडला आणि पुरेसे वेध नसल्याने हरवला. पुन्हा हाती लागला २००० मध्ये. २०२१ मध्ये तर एका हौशी अभ्यासकाने याच कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीच्या २००३ सालच्या जुन्या छायाचित्रांतून गुरूचा एक नवा उपग्रह शोधून काढला, घरच्या संगणकावर. ती सगळी छायाचित्रे कोणालाही उतरवून घेता येतात.

इतक्या लांबच्या ठिपक्याचा व्यास कसा सांगतात? (एक वाचक, नागपूर)

अंदाजाने, आणि बातम्यांत तो अंदाज आहे हे गाळले जाते. आधी दृश्य प्रतीतून अंतराचा परिणाम वजा करायचा: गुरूच्या प्रतियुतीला ६.७, शनीच्या ९.६. हिमालियाची प्रत १४.७, म्हणजे निरपेक्ष प्रत ८. पृष्ठभाग ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो असे धरले तर व्यास = ६,६४५ × १०^(−निरपेक्ष प्रत ÷ ५) किलोमीटर. हिमालियासाठी १६७ किलोमीटर येतात. परावर्तन ४ ऐवजी ८ टक्के धरले की तोच व्यास ११८ वर उतरतो. लहान उपग्रहांचे परावर्तन मोजलेलेच नसते, तेव्हा 'तीन किलोमीटरचा चंद्र' असे वाचले की 'दोन ते चार' समजा.

याच हिशेबातून दिसते की एकाच मापाचा दगड गुरूऐवजी शनीपाशी नेला तर १४ पट अंधूक होतो. तरीही शनीचा आकडा गुरूपेक्षा मोठा आहे. तीनेक किलोमीटरहून मोठे उपग्रह खरोखरच शनीकडे सुमारे तिप्पट आहेत.

यातला एखादा आम्हाला आठ इंची दुर्बिणीतून टिपता येईल का? (खगोलप्रेमींचा एक गट, नाशिक)

हिमालिया नक्की येईल. जानेवारी २०२६ नंतरची गुरूची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. आपल्याकडे आकाश कोरडे आणि स्वच्छ असण्याचा काळ. आठ इंची, एफ/५ दुर्बीण म्हणजे १,००० मिलिमीटर नाभीय अंतर. चार मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला तर एका पिक्सेलला ०.८ विकला मिळते, हे प्रमाण ठीक आहे.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या 'होरायझन्स' संकेतस्थळावर उपग्रह क्रमांक ५०६, तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि दर दहा मिनिटांचे विषुवांश-क्रांती (आकाशातले स्थान) मागा. इथे सर्वाधिक चूक होते: ते वेळा जागतिक वेळेत देतात. साडेपाच तास मिळवायला विसरलात तर तुम्ही ११० विकला बाजूला शोधत बसाल. हिमालिया गुरूपासून एक अंशापर्यंत दूर जातो. तो टोकाशी असेल असा आठवडा निवडा आणि गुरूला चौकटीबाहेर ठेवा. चौकटीच्या अगदी काठाला गुरू आला तरी त्याचा झगमगाट नळीत परावर्तित होऊन निम्मे चित्र धुऊन काढतो. नळीच्या तोंडाभोवती काळ्या कागदाचे नळकांडे लावून ती पुढे लांबवली तर फरक पडतो, आणि दवही कमी बसते.

६० सेकंदांच्या ३० फ्रेमा घ्या, ताऱ्यांवर रचा. सुरुवातीपासून दीड तास झाल्यावर आणखी ३० घ्या. अर्ध्या तासात हिमालिया दहा विकलांची छोटी रेघ होईल. दोन संचांमध्ये ती ३० विकला, म्हणजे ३६ पिक्सेल सरकलेली दिसेल. दोन्ही चित्रे आलटून पालटून डोळ्यांपुढे आणा. सरकणारी रेघ एकाहून जास्त दिसली तर घाबरू नका, जास्त लांब रेघ लघुग्रहाची. एकाच जागी न हलणारा लाल-निळा ठिपका कॅमेऱ्याचा सदोष पिक्सेल असतो; दर पाच फ्रेमांनंतर दुर्बीण किंचित हलवली की तो रचताना पुसला जातो. वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी हे सहज जमेल, शहरात फ्रेमांची संख्या तिप्पट करा. हात बसला की शनीची फीबी घ्या: साडेसोळा प्रत, शनीपासून अर्ध्या अंशाहून थोडी दूर. तिला दहा-बारा इंची आरसा बरा.

फीबीजवळ यान गेले होते ना? काय दिसले? (एक वाचक, पणजी)

११ जून २००४ रोजी कॅसिनी यान फीबीपासून २,०६८ किलोमीटरवरून गेले. शनीच्या कक्षेत शिरण्याच्या तीन आठवडे आधीची ही एकमेव संधी, कारण फीबी १ कोटी ३० लाख किलोमीटरवर आणि यानाची पुढची सगळी भटकंती बरीच आत. २१३ किलोमीटर व्यासाचा, विवरांनी चाळण झालेला गोळा दिसला. जेसन हे विवर एकटेच १०० किलोमीटर रुंद. पृष्ठभाग कोळशासारखा, पण विवरांच्या उतारांवर जिथे दरड घसरली आहे तिथे पांढरे पट्टे. काळे कवच वरवरचे आणि आत बर्फ. घनता पाण्याच्या १.६ पट, शिवाय गोठलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे फीबीचे मूळ सूर्यमालेतल्याच बाहेरच्या, दूरच्या भागात.

फीबीवरून उडालेल्या धुळीचे एक अवाढव्य कडे शनीभोवती आहे. स्पिट्झर दुर्बिणीने २००९ मध्ये ते अवरक्त किरणांत पाहिले. साध्या प्रकाशात ते जवळजवळ दिसतच नाही, कारण घन किलोमीटरमागे वीसेक कणच. ही प्रतिगामी धूळ आत सरकताना आयापेटस या चंद्राच्या पुढच्या अंगावर बसते. आयापेटस एका बाजूला काळा का, या १६७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने (यानाला त्याचेच नाव) त्याला शोधल्यापासूनच्या कोड्याची सुरुवात इथे आहे. पुढचे काम ऊन करते: काळा भाग जास्त तापतो, तिथला बर्फ उडून थंड भागावर बसतो, काळे आणखी काळे होते.

चंद्र म्हणवून घ्यायला किमान आकार लागतो का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने अशी मर्यादा ठरवलेली नाही. शनीच्या कड्यांतला प्रत्येक खडा शनीभोवती फिरतोच, त्यांना कोणी मोजत नाही. व्यवहारात ज्याची स्वतंत्र कक्षा निश्चित करता येते आणि जो पुढच्या वर्षी सांगितलेल्या जागी पुन्हा सापडतो, तो चंद्र.